बरी

निपाणीत वारा कुठूनही सुटला
तरी वखारीवरूनच येतो.
नवखा माणूस शिंकतो, आम्ही घड्याळ बघतो:
चाळण सुरू झाली, म्हणजे दहा वाजले.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं मशीन.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी,
आणि दिवसभर माझं एकच ओरडणं:
फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका.
कन्नड माणूस असला की ऊद्री, ऊद्री, ऊद्री.

बाळगोंडा मगदूम हसले.
"बाई, चाळीस वर्षं फुंकतोच आहे की.
ते सोडायला आलो, तर तुम्ही परत फुंक म्हणताय."
हसता हसता खोकले,
खोकता खोकता खिडकीचा गज धरून उभे राहिले.

कागद आला. रेघ थोडी चढली
आणि मधेच बसली,
बोदाखाली हमाल बसतो तशी.
वय बासष्ट.
फुफ्फुसाचं वय, मशीन म्हणालं, एकोणनव्वद.
"म्हणजे माझ्या छातीत माझा बाप राहतोय,"
ते म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

सोबत नातू, सम्मेद. बेळगावात बीसीएला.
खिशात पेनड्राइव्हएवढं काहीतरी,
बंदी असलेलं, कुणाकडून तरी आणलेलं.
वखारीच्या वासावर अचानक कलिंगड.
"आज्जा, त्यापेक्षा हे घे. यात जळत काही नाही.
राख नाही, डांबर नाही.
बरी गाळी."

बरी.
कन्नडात बरी म्हणजे नुसती. नुसती हवा.
मराठीत बरी म्हणजे त्यातल्या त्यात.
तब्येत कशी? बरी. तसली बरी.
आमच्या गावात एकच शब्द
दोन कानांत दोन ठिकाणी पडतो,
आणि पोरगं मधल्या उंबऱ्यावर उभं.

मी खोटं कसं बोलू?
विडीत जळतं ते यात जळत नाही, खरं आहे.
बाळगोंडांनी विडी टाकून हेच धरलं असतं वेळेत
तर रेघ कदाचित एवढी खचली नसती.
दगडापेक्षा वीट मऊ.
पण सम्मेद, तुझ्या डोक्यावर दगड होता कुठे?
तू तर पैसे मोजून वीट आणलीस.

"तूपण फुंक," मी म्हटलं.
फुंकला. रेघ टेकडीसारखी देखणी.
फुफ्फुसाचं वय वीस.
त्याने लगेच फोटो काढला.

विडीचा हिशेब जगाने कधीच मांडून झालाय,
थप्पीच्या थप्पी वह्या, नावं, तारखा.
कलिंगडाचं खातं आत्ता कुठे उघडलंय.
पहिल्या पानावर शिल्लक दिसतेच.

"सकाळी डोळे उघडले की पहिला हात कुठे जातो रे?"
तो बोलला नाही.
हात खिशातच होता.

पुढचा नंबर बेबीजान मुल्ला.
तीस वर्षं सूप मांडीवर,
दिवसाला हजार विड्या वळल्या,
एकही पेटवली नाही.
फुंकताना पदर तोंडाशी नेला, मग लाजून खाली घेतला.
रेघ बाळगोंडांच्या रेघेची पाठची बहीण.

"ते विडी सोडणार," तिने विचारलं,
"मी काय सोडू?"

फॉर्मवर दोनच चौकटी आहेत.
ओढतो. ओढत नाही.
मी पेन धरून बसले.
आजा आणि नातू निघून गेले होते.
उठून खिडकी लावली.
थोड्या वेळाने कलिंगड गेलं.
वखार गेली नाही.