ट्रिपल सीट

गणेशखिंडीत हवालदारानं स्कूटर अडवली.
पुढे इंदुलेखा, मागे तन्वीर, मध्ये मी,
कवेत भिंगांचा डबा.

सांगणार होतो, साहेब,
तीन दिवसांच्या आत एकमेकांना फेरी घालणारे जे जोडतारे,
त्यांतल्या शंभरात शहाण्णवांना तिसरा असतोच.
फक्त लांब. बहुधा दिसतही नाही.
जोडीचं ग्रहण वेळ जराशी चुकवतं,
तेवढ्यावरून ओळखायचा.

"एक उतरा," म्हणाला. पावती फाडलीच.

उतरलो.
सीटवर ते दोघं जवळ सरकले.
तिकडेही असंच काहीसं:
एक दूर फेकला जातो, दोघं आवळत येतात.

औंध रस्त्यानं चालत निघालो, डबा काखेत, एक भिंग आत खुळखुळत.
पोचल्याचा फोन आला
नेहमीपेक्षा सात मिनिटं उशिरा.

वहीत वेळ टिपून ठेवली.