आठी

शहापुरात, खडेबाजारच्या वळणावर माझं फ्लेक्सचं दुकान.
कन्नड वर, मोठं. मराठी खाली, बारीक.
टेप लावून मोजून जातात पालिकेची माणसं.

इलेक्शनच्या महिन्यात झोप नसते.
पुढारी माझ्या पडद्यावर येतात,
दोन शेड गोरे होऊन परत जातात.

परशरामभाऊंचा मुलगा आला पेनड्राइव्ह घेऊन.
"कपाळावरची आठी जरा ठळक कर,
दरारा दिसायला पायजे."
केली.
दराऱ्याचे पन्नास रुपये जादा.

दुपारी मालन हुंदरेंचा दीर.
"वहिनींची आठी तेवढी पूस,
रागीट वाटतात.
पदर नाहीय डोक्यावर, तो घाल.
हसू दे थोडं. एवढं नको, दात झाक.
आणि वर कोपऱ्यात आमच्या भावाचा फोटो,
वहिनींपेक्षा किंचित मोठा."

"भाऊ उभे राहिलेत?"

"नाही गं. पण लोक विचारतात."

पदर मी साडीच्या एका जुन्या जाहिरातीतून कापला,
दुसऱ्याच बाईच्या डोक्यावरचा.
नीट बसला. बसतोच तो कुणाच्याही.

ह्या गावात दोन भाषा एका पाटीवर नांदत नाहीत.
रात्री कुणी डांबर फासतं, सकाळी दुकानं बंद.
पण मालनबाईंच्या दारात कॅमेरे आले तेव्हा
कन्नडवाल्यानं विचारलं, "यजमानरु एन माडतारी?"
मराठीवाल्यानं विचारलं, "मालक काय करतात?"
दुभाषी लागला नाही.
एवढ्या वर्षांचा तंटा
त्या एका प्रश्नापुरता मिटला होता.

शिवपुत्रअण्णांची घरं दोन, एक गोकाकात.
त्यांच्या नावामागं 'कर्तबगार' मीच छापलंय,
बारा बाय आठ.
मालनबाईंची मीटिंग साडेदहाला सुटते,
तर त्यांना घरी सोडायला कोण गेलं
हे चहाच्या गाड्यावर पाठ आहे सगळ्यांना,
गाडीच्या नंबरासकट.

सभेत त्या म्हणाल्या, "मी भीत नाही, मी लढतो."
पलीकडून आलेले साहेब माईक ओढून म्हणाले,
"लढते म्हणा, ताई, लढते."
मंडप हसला.
आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात,
बाजारात, दवाखान्यात, बाळंतिणीच्या खाटेवरनं सुद्धा.
त्या दिवशी पहिल्यांदा कळलं
की हे व्याकरणात बसत नाही.
त्याच माईकवर परशरामभाऊ
गावाचंच नाव चुकले होते.
मनानं साधे, म्हणाले लोक.

रात्री अकराला मशीन चालू होतं,
शाईच्या वासानं डोकं भणभणलेलं.
चप्पल बाहेर काढून त्या आत आल्या, एकट्याच.
पडद्याकडं बघत राहिल्या.

"ही कोण?"

मी काही बोलले नाही.

"आठी कुठं गेली?
अकरा वर्षं पहाटे पाचला डेअरीत उभी राहून
फॅटचे आकडे वाचलेत मी
चाळीसच्या बल्बात.
फुकटची नाहीय ती."

मूळ फाइल मी ठेवली होती. का, ते माहीत नाही.
आठी परत आली, पदर गेला, दात आले.
भाऊंचा फोटो त्यांनी स्वतः माऊस धरून काढला.
दोनदा चुकला हात,
एकदा भाऊ आणखीच मोठे झाले,
तेव्हा आम्ही दोघी हसलो.

"दीर ओरडतील."

"ओरडू देत."

पावतीपुस्तक काढलं. छापील आहे ते,
आधी कन्नडात श्री, मग मराठीत श्री,
पुढं लगेच रेघ.
'मती' घालायला जागाच ठेवलेली नाही.

"वरून लिही," म्हणाल्या.

वरून लिहिलं. रेघेच्या बाहेर गेलं थोडं.
पैसे कमी करा म्हणाल्या नाहीत,
मीही केले नाहीत.

"येतो गं," म्हणाल्या,
आणि अंधारात चप्पल शोधू लागल्या.