एवढंच

सोहार. तिसरी तारीख.
गच्चीच्या गळतीचा अहवाल टेबलावर,
वीस पानं, सगळी अरबीत.
परकार मिस्त्रीला तो आजच दिसला,
तोही उलटा, समोरच्या बाजूने.

बोलू लागला:
उतार मी बरोबर धरलेला, साहेब,
तीन दिवस पाणी कोंडून ठेवलं, थेंब झिरपला नाही,
मागाहून एसीवाल्याने नळीसाठी भोक पाडलं,
मी नको नको म्हणत होतो,
त्याच दिवशी माझ्या मुलीचा

मी भाषांतर केलं:
तो दोष नाकारतो.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.
इतका वेळ तो बोलला
आणि एवढंच?
हा अहवाल तरी त्याला कुणी वाचून दाखवला?

घरमालकीणसुद्धा माझ्याकडेच बघत होती.

उतारापासून सांग, परकार, मी म्हटलं.
सावकाश.
मुलीचंही.