विरजण

प्रकाशे गावाच्या टेकाडावर, चौथ्या खड्ड्यात,
पाच हात खाली, राखेच्या थरात
सापडली मातीची बाई. मुंडकं नाही.
मी ब्रशने झाडत होतो.

इंदास पावरा म्हणाला, याहा मोगी.
झेलाबाईने डोक्यावर पदर घेतला,
कानबाईपुढे घेते तसा.
चहावाले शकूरभाई काहीच बोलले नाहीत,
काठावर चपला काढल्या फक्त,
मग स्वतःशीच हसून पुन्हा घातल्या.

सरांच्या वहीत प्रश्न होता:
एकाने दुसऱ्याकडून घेतलं,
की दोघांचं मूळच एक?
खाली दोन रेघा. दुसरीवर शिसाचं टोक मोडलेलं.

झेलाबाई डबा उघडत होती.
"मन्हा घरनं विरजण शेजारीननं शे," ती म्हणाली,
"तिनं, तिनी मायनं."
आणि तिच्या आईचं?
"आते ते काय मालूम!
दूध मातर जिनं तिनं."

तापीवरून वारा आला, लेबलं उडाली.
ती गोळा करता करता जेवणाची सुट्टी संपली.

बाईला कापसात ठेवून
मी वर 'देवता' लिहिलं. खोडलं.
लिहिलं: भाजलेली माती.
डाव्या खांद्यावर बोटाचा ठसा.

माझा अंगठा त्यात बसेना.
करंगळी तेवढी मावली.