वादी

आप्पांच्या डाव्या पोटरीवर जुना डाग आहे.
चौदाव्या वर्षी वडणग्याच्या गुऱ्हाळावर
काहिलीतली काकवी उडाली, त्याचा.
भरला होता. चाळीस वर्षं गप होता.
गेल्या दिवाळीपासून पुन्हा ओला आहे.

मी विद्यापीठात स्लाइडी रंगवते.
नोकरी हंगामी, मायक्रोस्कोप जर्मन.
काचेवर कातडीचा पापुद्रा, त्यावर थेंब,
आणि पेशीच्या कडेकडेनं तपकिरी रेघ उमटते
जिथं ते प्रथिन असेल तिथं. नसेल तिथं कोरं.

काय बघतीस गं दिसभर?
वादी, मी म्हणते.
रापीला धार लावता लावता आप्पा हसतात,
मग माझंच काम की ते.

तुमचंच, आप्पा.
पेशीच्या अंगावर बारीक हात असतात.
एरवी खालच्या थराला धरून असतात,
तुम्ही तळाचे दोन थर वादीनं आवळता तसे,
खिळा नाही, दोरा नाही.
जखम झाली की कडेच्या पेशी ती पकड सैल करतात
आणि निराळे हात बाहेर काढतात,
शाबूत कातडीत जे शोधून सापडत नाहीत.
रक्ताच्या सुकत्या जाळीला धरून
रांगत, एकमेकींना ओढत पुढं येतात.
समोरची कड भेटली
की हात आत. थांबायचं.

आणि न्हाई थांबल्या तर?

आरी त्यांच्या हातात तशीच.
मी चहा ठेवायला उठले.

शुक्रवारी सीपीआरमधून डबी आली.
नाव नसतं. ४१७.
पुरुष, चोपन्न, डावी पोटरी, जुना भाजल्याचा व्रण.
मी हातमोजे बदलले. का, ते माहीत नाही.
रंगवली.
रेघ कडेला थांबली नव्हती,
खाली उतरली होती, बेटंबेटं करून,
जिथं शिवायला काही नव्हतं तिथं शिवत.
बाभळीच्या सालीत मुरलेल्या कातड्याचा रंग.
देखणी होती.
हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथं लिहिते.

घरी आले तेव्हा आप्पा
कुणा नवरदेवाच्या जोडीत विंचू बसवत होते.
चालून बघितली. करकरली. पसंत पडली.
मग माझ्याकडं न बघता म्हणाले,
कीड लागल्यालं कातडं मला वासानं कळतंय, बाळे.
डाक्टरला सांग, कापताना हात आखडू नको म्हणावं,
चार बोटं चांगल्यातलं जाऊ दे.
कमी पडलं तर मांडीचं घ्या, तिथलं मऊ हाय,
जोड बसंल.

जोड बसेल, आप्पा.
पण बसवायला पुन्हा तेच हात यायचेत,
तेच, रात्रभर रांगत, एका कडेकडून दुसरीकडं,
आणि मी काचेपाशी बसून
त्यांना नुसतं म्हणणार,
या. आणि मग
थांबा.