मीठ बघायला

चार वाजून गेले की रानीपुऱ्यातल्या आमच्या जिन्यात
तौफीकची चप्पल वाजते.
हातात झाकलेली वाटी, वाटीत पळीभर खिचडा.
"दादीने भेजा है, नमक देख लो."

एकतीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे.
पगार नाही. रजा मात्र वर्षाचे अकरा महिने.
जिभेच्या शेंड्यावर ठेवून थुंकायची सूट आहे म्हणतात,
पण कमरून आपा म्हणते, जीभ चोर असते,
दार किलकिलं केलं की आत शिरते.
आणि खाली बाइंडिंगच्या दुकानात
एक टेंभेकर दिवसभर चहा ढोसत बसलेलाच आहे,
त्याची जीभ काय गहाण पडलीय?

आई विचारायची, "नुसतं मीठच बघतोस ना रे?"
नुसतं मीठच.
"आणि मटण काय, तोंडाबाहेर ठेवतोस?"

शिकलो हळूहळू.
रात्रभर भिजलेला सडीक गहू
देगमध्ये इतका वेळ घोटतात
की दाणा कुठला, धागा कुठला, विचारायचं नाही.
अशा गर्दीत मीठ लगेच नाव सांगत नाही.
आधी आलं येतं, मग तूप, मग तळलेला कांदा.
मीठ सगळ्यात मागून,
लग्नघरी उशिरा पोचणाऱ्या मामासारखं,
आणि मंगलाष्टकं त्याच्यासाठीच थांबलेली.

फेणीत मीठ नसतं.
तरी सत्तावीसच्या रात्री दुधात भिजलेली फेणी वर यायची,
बघायला नाही. खायला.

गेल्या हिवाळ्यात ताप आला,
पंधरा दिवसांनी उतरला
आणि जाताना जीभ घेऊन गेला.
पोहे म्हणजे ओला कागद.
वर भुरभुरलेलं जीरावन, विटेची भुकटी.
वसुधाशिवाय कुणाला बोललो नाही.
येईल परत, म्हणाले डॉक्टर,
जणू ती माहेरी गेली होती.

आणि पहिला रोजा आला.
तौफीक दारात. वाटी.
मी घास तोंडात धरला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला.
ऊब होती. मऊपणा होता.
"बरोबर आहे," म्हणालो.

संध्याकाळी भोंगा झाला.
खिडकीतून खाली गल्लीतली सतरंजी दिसत होती,
खजूर, कलिंगडाच्या फोडी, गुलाबी सरबत,
मग ताटल्या.
इश्तियाक टेलरने पहिला घास घेतला
आणि क्षणभर, सुईत दोरा ओवताना थांबतो तसा, थांबला.
मग लिंबू पिळलं. शेजाऱ्यानेही पिळलं.
लिंबाची बशी सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.
मीठ कुणीच मागितलं नाही.
मागितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चप्पल वाजली नाही.
साडेचारला कठड्याला धरून, पायरीगणिक अल्लाला हाक मारत,
आपा स्वतः वर आली.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
"खा."
मी खाल्लं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती,
दूध उतू जाण्याआधी बघतात तसं.
"समझा कुछ?"
मी मान हलवली. नाही.
ती जिन्यातच बसली, गुडघे चोळले,
ओढणीने वाटी पुसली, उगाचच.
"मग दोघंही सारखेच की," म्हणाली,
"मला मगरिबपर्यंत कळणार नाही,
तुला कधी, ते त्याला ठाऊक."

वसुधा म्हणाली, मी बघते हवं तर.
तिची चतुर्थी होती.
यावर आपा इतकी हसली
की तिला पाणी द्यायला मी धावलो,
आणि अर्ध्या वाटेत आठवण होऊन पेला घेऊन उभा राहिलो.

शेवटी अंदाजाने घातलं.
मूठ तिची, "बस" मी म्हणायचं.
मी जरा उशिरा म्हणालो असणार.
त्या संध्याकाळी कुणी काही बोललं नाही,
फक्त माठ दोनदा भरावा लागला.