खुडूक

अजमानला, नुऐमियातल्या जुन्या व्हिलाच्या मागे
पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये
साडेचार फूट जागा उरते.
तिथे चार कोंबड्या आणि एक मुदीर.

मुदीर म्हणजे कोंबडा.
शुक्रवारच्या बाजारात घेतला तेव्हा गुलाबी होता,
रंगात बुडवलेला, तीन दिरहमला एक.
दाभोळचा यासीन त्याला उलटा धरून म्हणाला, मादीच आहे, लिहून देतो.
दोन महिन्यांत गुलाबी लव झडून गेली,
खालून निघाला पांढराफटक, तुरेवाला,
काम न करता सगळ्यांवर ओरडणारा.
नाव शोधावं लागलं नाही.

समोर टॉवर उभा राहतोय, रात्रभर फ्लडलाइट.
मुदीर दीडला आरवतो, तीनला आरवतो,
आणि फजरची बांग होते तेव्हा
मान पिसांत खुपसून गाढ.
आम्ही त्याच्यावर फ्रिजचा खोका घालून पाहिला.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
इथे उजाडायचं काही राहत नाही,
मावळायचंच राहून जातं.

मी एसीवाला.
दिवसभर गच्च्यांवर फिरून लोकांच्या खोल्या गार करतो,
संध्याकाळी येऊन कोंबड्यांच्या जाळीवर गोणपाट भिजवतो.
आमच्या खोलीच्या एसीचं पाणी थेंब थेंब टबात पडतं,
त्या टबावर चौघींची भांडणं.
जुलैत त्या चोच उघडी टाकून,
पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहतात,
गर्दीत घामेजलेला माणूस काखा सुटवून उभा राहतो तशा.
अंडी बंद.
सहा माणसांना आठवड्यात एक अंडं,
त्यात कांदा एवढा घालायचा
की अंड्याची फक्त बातमी लागावी.

आणि अशात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात,
तांबडी खुडूक बसली.

सुगंधाला फोन केला.
म्हणाली, बादलीत बुडवून काढा, उतरेल खूळ.
तिच्या मागे आमचं खुराडं दिसत होतं,
त्यात आता स्कूटर.
मुंगसानं शेवटची नेली तेव्हापासून
ती अंडी दुकानातून आणते, ट्रेमधली,
सगळी एका मापाची.
म्हणाली, तिकडं जाऊन तुम्ही कोंबड्या पाळताय
आणि इकडं मी ट्रे मोजतेय.
मग रेंज गेली, किंवा ती हसत होती.

बुडवली नाही मी.
सात अंडी ठेवली खाली.

दुपारी जेवायला आलो तेव्हा गेज लावून बघितला, सवयीनं.
भिंतीपाशी सेहेचाळीस.
अंड्याला लागतात सदतीस-अडतीस.
म्हणजे ऊब द्यायची गरजच नाही,
ऊब भिंतच देतेय, फुकट, चिकार,
जीव जाईल इतकी.
मग ही बसलीय कशाला?

बघत राहिलो.
ती उठली, टबात उतरली,
पोटाची पिसं भिजेपर्यंत थांबली,
परत येऊन अंड्यांवर बसली, धापा टाकत.
पुन्हा अर्ध्या तासानं तेच.

मी डब्यातला भात तसाच ठेवला.
बावीस वर्षं या धंद्यात आहे,
कुणाचं काम बघून हात जोडावेसे वाटले
असं दोनदाच झालंय.

काल रात्री कंप्रेसर ट्रिप झाला.
खोलीत पाच जण ओरडायला लागले, ए मिस्त्री, ऊठ, मेलो,
यासीन बनियन काढून दारात.
मी पाना घेतला, टॉर्च घेतला,
आणि आधी मागे जाऊन
पिण्याच्या बाटलीतलं गार पाणी टबात ओतलं.
तांबडीनं एक डोळा उघडला, मिटला.

मुदीर आरवला. दीड वाजले होते.
उजाडलं का रे, आतून कुणीतरी विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही.
मी कपॅसिटर बदलत होतो
आणि मनात बोटं मोजत होतो:
आज अठरा.